क्रॉसबो घ्यायचाय? ठेवणं, नेणं, चालवणं आणि शिकार, प्रत्येकाचा नियम वेगळा आहे

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, दोरी ओढून अडकवायची आणि ट्रिगर दाबून बाण सोडायचा. त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "हा लीगल आहे का हो?" आणि याचं जो कोणी हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देतो त्याच्यावर विसंबून राहू नका. कायद्याच्या नजरेत हे पाच वेगळे प्रश्न आहेत: घरात ठेवता येतो का, विकत घेता किंवा बाहेरच्या देशातून मागवता येतो का, घराबाहेर घेऊन जाता येतो का, चालवायचा कुठे, आणि प्राण्यावर चालवता येतो का. पाचही उत्तरं एकाच देशात वेगवेगळी असू शकतात. ब्रिटनमध्ये १८ वर्षांच्या माणसाला क्रॉसबो घ्यायला लायसन्स लागत नाही, पण त्याच क्रॉसबोने त्याने एक रानससा मारला तरी तो गुन्हा होतो. दुकानदार खरंच सांगत असतो की "विकणं लीगल आहे", पण त्याने फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं आणि बाकीचे चार तुमचे तुम्हालाच शोधायचे असतात. ते कसे शोधायचे ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हातातली वस्तू नेमकी कोणती ते ठरवा

कायदा नुसत्या "क्रॉसबो" शब्दावर थांबत नाही, मापं बघतो. म्हणून आधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा. एक, ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. दोन, एकूण लांबी मिलिमीटरमध्ये. तीन, एका हाताने नेम धरून सोडता येतो का, ज्याला पिस्टल क्रॉसबो म्हणतात तो प्रकार. चार, बोल्टच्या, म्हणजे क्रॉसबोच्या आखूड बाणाच्या, टोकाला काय बसतं, सरावाचा साधा फील्ड पॉइंट की धारदार पात्यांचा ब्रॉडहेड.

ही मापं किती महत्त्वाची आहेत ते बघा. ब्रिटनचा क्रॉसबो कायदा १९८७ चा, तो १.४ किलोपेक्षा कमी ड्रॉ वेटला लागूच होत नाही, म्हणजे खेळण्यातला सुटला. पण शिकारीसाठी बनवलेल्या आजच्या क्रॉसबोचा ड्रॉ वेट साधारण १५० ते २०० पौंड असतो, म्हणजे ६८ ते ९० किलो, त्यामुळे "माझा छोटासाच आहे" हे म्हणणं तिथे टिकत नाही. कॅनडात उलटं, तिथे छोटा असणं हीच अडचण आहे. ५०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबीचा, किंवा एका हाताने नेम धरून सोडता येणारा क्रॉसबो तिथे प्रतिबंधित शस्त्र आहे, आणि मोठा, दोन्ही हातांनी चालवायचा असेल तर तो ठेवायला लायसन्स लागत नाही. लोकांना वाटतं पिस्टलवाला म्हणजे निरुपद्रवी, स्वस्त, शो-केसमध्ये ठेवायचा, तर कॅनडात बरोबर तोच गुन्हा ठरतो. कारण सरळ आहे, छोटी वस्तू जॅकेटमध्ये लपते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाका. धनुष्यबाणाचा नियम क्रॉसबोला आपोआप लागू होतो असं धरू नका. जर्मनीत साधं धनुष्य शस्त्र कायद्याच्या बाहेर, खेळाचं साहित्य म्हणून गणलं जातं, पण क्रॉसबो मात्र शस्त्र कायद्यात बंदुकीच्या बरोबरीने व्याख्येत बसवलेला आहे. कारण तांत्रिक आहे: धनुष्यात जोर तुमच्या दंडात असतो आणि तो काही सेकंदच टिकतो, क्रॉसबोत तो ट्रिगरमागे साठून राहतो.

दुसरी पायरी: कायदा कुठे सापडतो

बऱ्याच जणांना वाटतं की क्रॉसबोचा म्हणून एक कायदा असेल, तो वाचला की झालं. असा स्वतंत्र कायदा क्वचितच असतो. ब्रिटनमध्ये आहे (उत्तर आयर्लंडला १९८८ चा वेगळा आदेश आहे), पण बाकी बहुतेक ठिकाणी माहिती चार-पाच कायद्यांत विखुरलेली असते. शस्त्र कायदा, त्याखालचे नियम आणि परिशिष्टं, वन्यजीव किंवा शिकार कायदा, सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगण्याचा कायदा, कस्टम्सचे नियम, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या शहराचे किंवा पार्कचे नियम.

शोधताना आधी व्याख्यांचं कलम उघडा, मग परिशिष्टं. क्रॉसबो हा शब्द मूळ कलमात नसतो आणि परिशिष्टातल्या यादीत कुठेतरी दहाव्या-बाराव्या ओळीत असतो, असं फार वेळा होतं. आणि सरकारी साइटवरचीच प्रत वाचा, विक्रेत्याच्या पेजवरचे "नेहमीचे प्रश्न" नको, कारण ती पानं वर्षानुवर्षं अपडेट होत नाहीत.

तारीख बघणं का गरजेचं आहे याचं सगळ्यात मोठं उदाहरण जपान. तिथे क्रॉसबो अनेक वर्षं मोकळा मिळायचा. २०२० च्या जूनमध्ये ह्योगो प्रांतात एका कुटुंबातल्या माणसांवर क्रॉसबोने हल्ला झाला, तीन जण मेले, आणि त्यानंतर कायदा बदलला. १५ मार्च २०२२ पासून तिथे परवान्याशिवाय क्रॉसबो ठेवणंच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती, तेवढ्यात परवाना घ्या नाहीतर टाकून द्या. म्हणजे २०१९ साली अगदी कायदेशीर घेतलेली वस्तू काहीच न करता नुसती कपाटात पडून राहिली आणि मालक गुन्हेगार झाला. म्हणून घेताना एकदा तपासलं आणि विसरलो असं या वस्तूच्या बाबतीत चालत नाही, वर्षातून एकदा तरी परत बघा.

तिसरी पायरी: मालकीचा नियम

ढोबळमानाने देशांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात लायसन्स नाही, फक्त वयाची अट. ब्रिटन यातलंच. १९८७ च्या कायद्यात वय १७ होतं, २००७ पासून १८ झालं. १८ च्या खालच्याला विकणं किंवा भाड्याने देणं हा विकणाऱ्याचा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि घेणारा मुलगासुद्धा दोषी. १८ च्या आतल्याने क्रॉसबो जवळ बाळगायचा असेल तर २१ किंवा त्यापेक्षा मोठ्या माणसाची देखरेख लागते. इथे लक्ष द्या, १८ नाही, २१. एकोणीस वर्षांचा मोठा भाऊ चालत नाही. जर्मनीतही १८ पूर्ण असेल तर घ्यायला आणि ठेवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर क्रॉसबो फायरआर्म नाही, कारण १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमधली व्याख्या स्फोटकाच्या जोरावर गोळी सोडणाऱ्या शस्त्राची आहे, त्यामुळे तिथे सगळा खेळ राज्यांच्या नियमांवर येतो.

दुसरा गट लायसन्सवाला. आयर्लंड प्रजासत्ताकात क्रॉसबो कायद्याच्या व्याख्येनेच फायरआर्म आहे, म्हणजे बंदुकीला लागतं तेच सर्टिफिकेट. स्वीडनमध्येही परवाना लागतो. जपान आता याच गटात आलंय, आणि तिथे परवाना मागताना खेळासारखं ठरावीक कारण दाखवावं लागतं, नुसती आवड पुरत नाही.

तिसऱ्या गटात मुळात बंदी, अपवादाला परवानगी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात क्रॉसबो प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत आहे. पण त्याच देशात क्वीन्सलँडमध्ये तो लायसन्सच्या एका वर्गात बसतो. म्हणजे घर बदलून राज्याची हद्द ओलांडली की सामानातली वस्तू एका गटातून दुसऱ्या गटात जाते. सामान ट्रकमध्ये भरायच्या आधी हे तपासायचं, नंतर नाही.

भारताचं काय, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात फायरआर्मची व्याख्या वेगळी आहे आणि "आर्म्स"ची व्याख्या त्याहून खूप मोठी आहे, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू त्यात येऊ शकते, फक्त घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू आणि निव्वळ खेळणी बाहेर ठेवली आहेत. कलम ४ प्रमाणे सरकार एखाद्या भागासाठी अधिसूचना काढून फायरआर्म सोडून इतर शस्त्रांनाही लायसन्स लावू शकतं. म्हणून "बारूद नाही म्हणजे कायदा नाही" हा ऑनलाइन सर्रास दिसणारा सल्ला अर्धवट आहे. शस्त्र परवाना देणाऱ्या कार्यालयाला मॉडेल, मापं आणि उद्देश लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सगळ्या गटांना लागू पडणारी एक गोष्ट: कोर्टाने तुमच्यावर शस्त्रबंदी घातली असेल तर बाकीचे नियम वाचायचीसुद्धा गरज नाही. कॅनडाच्या फौजदारी संहितेत अशा बंदीच्या आदेशात क्रॉसबोचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे इतरांना लायसन्सशिवाय चालणारी वस्तू त्या माणसाला चालत नाही.

चौथी पायरी: खरेदी आणि पार्सल

दुकानातून घेत असाल तर वयाचा पुरावा द्या, बिल घ्या, बिलावर मॉडेल नंबर असू द्या. हे बिल पुढे प्रवासात, क्लबमध्ये, विकताना, सगळीकडे उपयोगी पडतं.

खरा धोका परदेशी साइटवरून मागवण्यात आहे. साइटने ऑर्डर घेतली, पैसे कापले, ट्रॅकिंग आलं, याचा अर्थ तुमच्या देशात ती वस्तू आणता येते असा अजिबात होत नाही. विक्रेता त्याच्या देशाचा कायदा पाळतो आणि आयात करणारे कायद्याने तुम्ही असता, त्यामुळे पार्सल कस्टम्समध्ये अडलं तर नोटीस तुमच्या नावावर येते. भारतात शस्त्र कायद्याचं कलम १० शस्त्र बाहेरून आणायला परवाना मागतं. आणि पाकिटावर "स्पोर्ट्स आयटम" किंवा "टॉय" लिहून पाठवतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून तर घेऊच नका, कारण मग साध्या आयातीच्या चुकीवर खोटी माहिती देण्याचा वेगळा गुन्हा चढतो आणि "मला माहीत नव्हतं" हे म्हणायलाही जागा उरत नाही.

पाचवी पायरी: घरात ठेवणं

जर्मनीत लायसन्स नसलं तरी क्रॉसबो कुलूपबंद ठेवणं बंधनकारक आहे. जिथे असं बंधन नाही तिथेही तसंच ठेवा. दोरी उतरवलेली किंवा सैल, बोल्ट वेगळ्या पेटीत, ब्रॉडहेड स्क्रू काढून वेगळे. घरातल्या अल्पवयीन मुलाच्या हाताला लागलं आणि काही झालं तर बऱ्याच देशांत निष्काळजीपणाचा ठपका मालकावर येतो, मग वस्तू ठेवणं कितीही लीगल असो.

सहावी पायरी: घराबाहेर नेणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबू. घरात ठेवायची मुभा ही रस्त्यावर नेण्याची मुभा नसते. ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी हल्ल्याचं हत्यार बाळगणं गुन्हा आहे आणि १९८८ च्या कायद्याने टोकदार वा धारदार वस्तू योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे. क्रॉसबो पहिल्यात अडकू शकतो, आणि क्रॉसबो घरी ठेवून नुसते बोल्ट बॅगेत राहिले तरी दुसऱ्यात अडकू शकता. योग्य कारण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर.

योग्य कारण म्हणजे काय, तर आत्ता, आज, या रस्त्याने जाण्याचं कारण. "मी क्लबचा मेंबर आहे" हे तेव्हाच चालतं जेव्हा तुम्ही क्लबला जात असता किंवा तिथून येत असता. सरावानंतर तोच क्रॉसबो गाडीत ठेवून पार्टीला गेलात, रात्री दोन वाजता पोलिसांनी डिकी उघडायला सांगितली, तर क्लबचं कार्ड तुमच्या फारसं कामाला येत नाही. म्हणून घर ते रेंज (म्हणजे सरावाची जागा), रेंज ते घर, मधे थांबे नाहीत, ही शिस्त पाळा.

नेताना असं करा: दोरी ओढलेली नसावी, बोल्ट लावलेला नसावा, क्रॉसबो बंद केसमध्ये आणि केस डिकीत, बोल्ट वेगळे, बिल आणि क्लबचं कार्ड सोबत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणि कॅनडाच्या प्रांतांत वाहनात लोडेड क्रॉसबो नेणं मना आहे, आणि लोडेड कशाला म्हणायचं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, काही ठिकाणी नुसती दोरी ओढलेली असली तरी लोडेड, काही ठिकाणी बोल्ट लावला तरच. दोरी ओढायचीच नाही हे ठरवलं की या वादात पडायची वेळच येत नाही.

बस-ट्रेनमध्ये नेणं शक्यतो टाळा, नियमात बसलं तरी प्रवासी घाबरतात आणि कोणीतरी पोलिसांना फोन करतं. विमानात केबिनमध्ये तर विषयच नाही, अमेरिकेत टीएसए, म्हणजे तिथली विमानतळ सुरक्षा संस्था, चेक-इन सामानात नेऊ देते पण एअरलाइनचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, आणि जिथे उतरणार तिथला कायदा तर वेगळाच. जपानला उतरणारा माणूस "मी निघालो तिथे चालतं" असं सांगू शकत नाही.

पोलिसांनी अडवलं तर हात दिसतील असे ठेवा, केसमध्ये काय आहे ते त्यांनी उघडायच्या आधी शांतपणे सांगा, स्वतः केस उघडायला जाऊ नका. ब्रिटनमध्ये १८ च्या आतल्या मुलाकडे बेकायदा क्रॉसबो असल्याचा वाजवी संशय आला तर पोलिसांना वॉरंटशिवाय त्याची आणि वाहनाची झडती घेता येते, त्यासाठी ते खाजगी जमिनीवरही येऊ शकतात, राहत्या घरात मात्र याच अधिकाराने शिरता येत नाही.

सातवी पायरी: चालवायचा कुठे

सगळ्यात सोपं आणि सुरक्षित उत्तर म्हणजे क्लबची रेंज. क्रॉसबो हा जुना, रीतसर खेळ आहे, त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९५६ साली जर्मनीतल्या लांड्सहूट शहरात स्थापन झाली आणि १० मीटर, ३० मीटर आणि फील्ड अशा स्पर्धा होतात. पण साध्या आर्चरी क्लबमध्ये गेलात तर आधी फोन करून विचारा, कारण बरेच धनुष्यबाणवाले क्लब आणि त्यांचा विमा क्रॉसबोला परवानगी देत नाहीत.

स्वतःच्या जागेत चालवायचा असेल तर जर्मनीचा नियम सगळ्यांनी डोक्यात ठेवण्यासारखा आहे: सोडलेला बोल्ट जागेच्या बाहेर जाताच कामा नये. "सहसा जात नाही" असं नाही, जाताच येऊ नये अशी व्यवस्था पाहिजे. शिकारीच्या क्रॉसबोचा बोल्ट सेकंदाला ९० ते १२० मीटर वेगाने निघतो, लाकडी कुंपण त्याला अडवत नाही, आणि नेम वर गेला तर तो काही शे मीटर जातो. म्हणून टार्गेटमागे बोल्ट पूर्ण थांबवेल असा मातीचा उंच बांध किंवा त्याच कामासाठी बनवलेला जाड फोम, मागे रस्ता-पायवाट-घर काही नाही, आणि बाजूने कोणी अचानक येऊ शकेल असं फाटक उघडं नाही, हे तिन्ही जमत असेल तरच. छोट्या अंगणात हे जमत नाही, मग तिथे चालवू नका. शहराच्या हद्दीत अशी शस्त्रं सोडायला बंदी करणारे स्थानिक नियमही बऱ्याच ठिकाणी असतात, तेव्हा नगरपालिकेचे नियम उघडून बघाच.

दुसऱ्याच्या जमिनीवर चालवायचा असेल तर मालकाची परवानगी लेखी, तारखेसह. सार्वजनिक पार्क, जंगल, समुद्रकिनारा, या जागा सगळ्यांच्या असल्या तरी शस्त्र चालवायच्या नसतात.

आठवी पायरी: शिकार

इथे अंदाज चालतच नाही. युरोपियन युनियनच्या १९९२ च्या हॅबिटॅट्स निर्देशात संरक्षित सस्तन प्राणी मारण्याच्या मना असलेल्या साधनांत क्रॉसबोचं नाव आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने धनुष्य किंवा क्रॉसबोने रानटी प्राणी किंवा पक्षी मारणं बंद आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यात हरीण-रानडुकरासारख्या खुरांच्या शिकारीवर बाण किंवा बोल्ट सोडता येत नाही, जखमी प्राण्याला संपवायलासुद्धा नाही.

अमेरिका उलट टोकाला. ओहायोत १९७० च्या दशकापासून क्रॉसबोने हरणाची शिकार चालते, आणि ओरेगॉनमध्ये मात्र क्रॉसबोने शिकार करता येत नाही. मधली राज्यं आणखी बारीक नियम लावतात: कुठल्या सीझनमध्ये, ड्रॉ वेट किमान किती, ब्रॉडहेडची रुंदी किती, सेफ्टी पाहिजे की नाही, काही ठिकाणी फक्त अपंग शिकाऱ्यांना परवानगी. हे दरवर्षी बदलू शकतं, म्हणून त्या वर्षीची सरकारी नियमपुस्तिका घ्या, मागच्या वर्षीची नको.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची व्याख्या इतकी रुंद आहे की धनुष्यबाण, जाळी, सापळे आणि प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन त्यात येतं, आणि कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. एकही बोल्ट सोडला नाही, नुसता गाडीत होता, तरी अडचण येऊ शकते. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याने ट्रेकला निघताना ही गोष्ट लोकांच्या डोक्यातच येत नाही.

नववी पायरी: उसना देणं, विकणं, काढून टाकणं

मित्राला चालवायला दिला तर तुम्ही शेजारी उभे राहा, आणि तो अल्पवयीन असेल तर आधी देखरेखीच्या वयाचा नियम बघा. विकताना घेणाऱ्याचं वय तुम्हालाही तपासावं लागतं, ब्रिटनचा नियम फक्त दुकानांना आहे असं समजू नका, खाजगी विक्रीलाही तो लागतो. ओळखपत्र बघा, तारीख, मॉडेल आणि घेणाऱ्याचं नाव लिहून दोघांनी सही करा. परवान्याच्या देशात खाजगी विक्री त्या कार्यालयाला कळवल्याशिवाय करू नका.

नको झाला असेल तर कचऱ्यात टाकू नका, तो कोणाच्या हाताला लागेल सांगता येत नाही. पोलीस स्टेशनला आधी फोन करा, मग ते सांगतील त्या वेळी, दोरी काढलेला, केसमध्ये बंद असा घेऊन जा, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका. फोन न करता थेट क्रॉसबो घेऊन पोलीस स्टेशनच्या दारात उभं राहू नका.